तांबडीसाठी इंजिन बघायला

निखिलचं वागणंच अहिल्याबाईंना पटत नव्हतं. गाडीचं इंजिन फोडलं, ते त्यांनी एक वेळ सोडून दिलं असतं. माणसाच्या हातून फुटतं. नवी नवरी असताना त्यांच्या हातून सासूची लोणच्याची बरणी फुटली होती, आणि तुकडे अजून गडगडत होते तोवर त्यांनी माजघरातून ओरडून सांगितलं होतं, "मी फोडली!" विषय संपला. पण हा पंचेचाळिशीचा घोडा, मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एवढा मोठा साहेब, दसऱ्यापासून जो भेटेल त्याला एकच सांगत सुटला होता: "इंजिन जुनं झालं होतं. कधी ना कधी जाणारच होतं."

"जुनी तर मीही झालेय," आमटी वाढता वाढता अहिल्याबाई म्हणाल्या. "मी गेल्यावरही असंच सांग लोकांना."

निखिलने मान वर केली नाही. ताटापुढे पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये कुठल्या तरी परदेशी गॅरेजातलं नवंकोरं इंजिन डरकाळ्या फोडत होतं. हा भात कालवतोय की नुसता चिवडतोय, याचंही त्याला भान नव्हतं.

झालं होतं ते असं. जगदाळ्यांच्या घरात एक जुनी अमेरिकन गाडी होती. लांबलचक नाक, दोनच दारं, आठ सिलिंडरचं इंजिन आणि विटेसारखा लाल रंग, म्हणून तिचं नाव तांबडी. अहिल्याबाईंचे यजमान सूर्यकांत दिल्लीत सरकारी नोकरीत होते तेव्हा दूतावासातल्या एका साहेबाने मायदेशी परतताना ती विकायला काढली. कुणी घेईना, म्हणून सूर्यकांतांनी घेतली. पहिल्या दिवशी अहिल्याबाई तिच्याभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "ही गाडी आहे की होडी?" पण पुढे त्याच होडीवर त्यांचा जीव जडला. यजमान दौऱ्यावर गेले की थंडीत बॅटरी मरू नये म्हणून एक दिवसाआड सकाळी स्वेटर चढवून, पदर खोचून त्या खाली उतरायच्या आणि तांबडी चालू करून बसायच्या. त्यांना ती चालवता येत नव्हती. चालू करता येत होती. इंजिन कधी रुसलंय, कधी नुसतं गारठलंय, कधी खरंच आजारी आहे, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

आणि दर चौदा जानेवारीला तांबडी पानिपतला जायची. जगदाळ्यांच्या घरातलं कुणीतरी पानिपतावर राहिलं, असं सूर्यकांत सांगत. कोण, त्याचं नाव काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण काला अंबच्या स्मारकापाशी जाऊन डोकं टेकल्याशिवाय त्यांची संक्रांत होत नसे. ते गेल्यावर निखिलने ती रीत चालू ठेवली, हे मात्र त्याचं कबूल करायला हवं. आता गाडी जुनी म्हणून वेगळी नोंदलेली, एरवी रस्त्यावर आणायची नाही, फक्त जुन्या गाड्यांची फेरी किंवा रॅली असेल तेव्हाच. मग दिल्लीतल्या पाच-सहा मराठी जुन्या गाडीवाल्यांनी मिळून पानिपतचीच रॅली ठरवून टाकली होती. पुढच्या सीटवर अहिल्याबाई. मागे सुनेत्रा, त्यांची सून, गुडघे हनुवटीला लावून. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची जागा तीच.

तर दसऱ्याला अहिल्याबाईंनी तांबडीसाठी झेंडूचा हार केला होता. मनगटाएवढा जाड, मध्ये मध्ये आंब्याची पानं. निखिलने तो तिच्या नाकावर घालायचा सोडून बॉनेट उघडलं आणि आत इंजिनावर सोडला. फोटोत इंजिन आणि झेंडू एकत्र छान दिसतात म्हणे. फोटो निघाले. तेवढ्यात फेरी निघायची वेळ झाली, बाकीच्यांचे हॉर्न वाजायला लागले, आणि या साहेबांनी हार आत तसाच ठेवून बॉनेट लावलं. हार पंख्यात गेला, पंख्याने पट्ट्यात ओढला, पट्टा निसटला आणि इंजिनात पाणी फिरायचं थांबलं. गरमीचा काटा लाल रेघेकडे चालला होता. निखिलला तो दिसत होता. पण मागच्या गाडीतून त्याचा मित्र साकेत व्हिडिओ काढत होता. व्हिडिओ चालू असताना माणूस थांबणार कसा? शेवटी एक्सप्रेसवेवर भसकन वाफ निघाली, आतून कुणी हातोडा मारावा तसा आवाज आला, आणि तांबडी थांबली ती थांबलीच.

पालमचे लतीफभाई तिचे जुने मिस्त्री. त्यांनी सगळं उघडून पाहिलं आणि दोन्ही तळवे जोडून एकमेकांपासून लांब नेले. "ब्लॉक फट गया, अम्माजी. वेल्डिंग का भरोसा नहीं. दूसरा इंजन देखो." मग कप्पीवर गुंडाळलेल्या हिरव्या दोऱ्याचं भेंडोळं त्यांनी पक्कडने उचलून दाखवलं. "नायलॉन है. सूती होता तो टूट जाता बेचारा."

"हार तुटावा म्हणून करतात का?" अहिल्याबाई त्यांच्यावरच उखडल्या. मराठीतच. लतीफभाईंनी पक्कड खाली ठेवली.

आता नुसती दुरुस्तीच अडली असती तर अहिल्याबाईंनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण एका संध्याकाळी निखिल फोन स्पीकरवर टाकून बोलत होता आणि त्या आत पोळ्या लाटत होत्या.

"जानेवारीच्या रॅलीपर्यंत चालू झाली नाही तर मला देऊन टाक यार," साकेत म्हणत होता. "मी तिला काळी करतो, वर पिवळे पट्टे. पुढची ती सोफ्यासारखी सीट काढून दोन बकेट सीटा टाकू. मस्त दिसेल."

"चलो, डन," निखिल म्हणाला.

पोळी तव्यावर जळली. त्यांच्या बसण्याची जागा काढून तिथे बादल्या बसवणार होते. रात्री जेवायला बसल्यावर अहिल्याबाईंनी फोन तांब्यावरून उचलला आणि पालथा ठेवला.

"तांबडी दुसऱ्याच्या घरी जाणार नाही. आणि मी दुसऱ्या गाडीने पानिपतला जाणार नाही. इंजिन बघायला लागा. बघायला मी येणार."

"आई, मुलगी बघायला जायचंय का आपल्याला?"

"मुलगी बघताना मी चुकले नव्हते." त्यांनी सुनेत्राकडे बघितलंही नाही. "मुलगा मात्र देवाने दिला तो ठेवून घेतला."

सुनेत्रा ताटात बघून हसली. ती केंद्र सरकारच्या कचेरीत अधिकारी होती. कुठे हसायचं आणि कुठे हसू गिळायचं, हे तिला नोकरीने शिकवलं होतं.

निखिलचा जीव त्या फोनमधल्या इंजिनावर होता. दुबईहून येणार, पेटीतून उघडायचं आणि बसवायचं. "साडेचारशे हॉर्सपॉवर, आई. आणि वॉरंटी."

"साडेचारशे घोडे! ते द्वारका मोडच्या चौकात ई-रिक्षाच्या मागे उभे राहतील तेव्हा त्यांना हरभरे कोण चारणार?"

लतीफभाईंनाही ते पसंत नव्हतं. एवढ्या ताकदीचं इंजिन घातलं तर गिअरबॉक्स, मागचा आस, ब्रेक, सगळंच बदलावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. "बूढ़े को पहलवान का दिल लगाओगे तो घुटने जाएँगे, अम्माजी." हे वाक्य अहिल्याबाईंना इतकं आवडलं की आठवडाभर त्यांनी ते भाजीवाल्यापासून लिफ्टमधल्या शेजारणीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं, आणि ते लतीफभाईंचं आहे हे एकदाही सांगितलं नाही.

"आणि वेगळ्या जातीचं इंजिन घातलं तर जुन्या गाडीची नोंदच धोक्यात येईल," सुनेत्रा म्हणाली. "मग रॅलीही नाही."

"बॉनेट उघडून कोण बघतंय?"

"दसऱ्याला तूच सगळ्यांना उघडून दाखवत होतास."

निखिलने फोन उचलला आणि गॅलरीत गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं की मायापुरीच्या भंगारबाजारात एकाकडे त्याच जातीचं, त्याच सालचं इंजिन आहे. लतीफभाईंना घेऊन रविवारी सकाळी जायचं.

मायापुरीच्या त्या गल्लीत जमीन तेलाने इतकी काळी होती की अहिल्याबाईंनी सुनेत्राचा दंड धरूनच पाऊल टाकलं. दोन्ही बाजूंना गाड्यांची हाडं रचलेली: दारं, बंपर, चाकं, स्टिअरिंगं. दुकानदार गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा. इंजिन त्याने आधीच बाहेर काढून ठेवलं होतं. चंदेरी रंग मारलेला, वर झेंडूची दोन फुलंसुद्धा. झेंडू बघून निखिलने नजर फिरवली.

"आइए माताजी, कुर्सी लीजिए. चाय मँगाता हूँ."

"चाय बाद में." अहिल्याबाई सरळ इंजिनापाशी गेल्या आणि त्यांनी त्याच्या अंगावर तळवा ठेवला. क्षणभर तसाच ठेवला. "ये सवेरे से चालू था क्या?"

"ना जी! आपके सामने पहली बार स्टार्ट करूँगा."

"फिर इसको बुखार क्यों है?"

दुकानदार हसला. "धूप लगी होगी, माताजी."

अहिल्याबाईंनी वर बघितलं. गल्लीवर धुराचं आणि धुक्याचं मळकट पांघरूण होतं. चार दिवस दिल्लीत कुणाला सूर्य दिसला नव्हता. त्यांनी खाली बघितलं. "चार दिन में हमको तो नहीं लगी. इसको अकेले को लगी?"

निखिल कुजबुजला, "आई, प्लीज." त्याला वाटत होतं की माणूस चिडेल आणि हातचं इंजिन जाईल.

"अरे, बघायला येणार म्हणून मुलीला आधीच पावडर लावून बसवणं मी समजू शकते," अहिल्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "पण आधीच दोन तास तापवून ठेवलंय याने. म्हणजे थंड असताना ते उठत नाही. आता आपण पराठे खायचे. याला गार होऊ द्यायचं. मग बघू."

पराठे खाल्ले, वर लस्सी प्यायली, सुनेत्राने बाजारातून कोथिंबीरही घेतली. परत आले तेव्हा इंजिन गार झालं होतं आणि दुकानदाराचं बोलणंही. त्याने बटण दाबलं. घरघर, घरघर, आणि काही नाही. पुन्हा. पुन्हा. शेवटी ते पेटलं तेव्हा अशा निळ्या धुरात पेटलं की समोरचा चहावाला टपरी सोडून बाहेर आला. लतीफभाईंनी वरचं तेलाचं झाकण काढून आतली बाजू दाखवली. ताकासारखं पांढरं.

"पाणी तेलात मिसळतंय," निखिल हळूच म्हणाला.

"मिसळतंय नाही. घुसळतंय."

दुकानदार आता हात बांधून उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता. धंदा करत होता. "माताजी, पहले क्या काम करती थीं आप?"

"सास थी," अहिल्याबाई म्हणाल्या. "अभी भी हूँ."

त्यानंतर लतीफभाईंनी आणखी दोन ठिकाणं दाखवली. एका इंजिनाचे निम्मे भाग दुसऱ्याच गाडीचे निघाले. दुसरं बघायच्या आदल्या दिवशी विकलं गेलं. डिसेंबर सरत आला. साकेतने फोन करून सांगितलं की रंगवाल्याकडे त्याने जागा धरून ठेवली आहे. निखिल "बघतो" म्हणाला, पण ते "बघतो" अहिल्याबाईंना ओळखीचं होतं. लहानपणी गणितात नापास झाला की तो याच आवाजात "बघतो" म्हणायचा. त्या दिवसांत त्या रोज दुपारी खाली पार्किंगमध्ये जाऊन तांबडीच्या पुढच्या सीटवर बसून येत. वॉचमनने विचारलं तर म्हणत, "ऊन खाते." पार्किंगमध्ये ऊन येत नसे.

धागा शेवटी सुनेत्राने काढला. तिच्या कचेरीतल्या महाराष्ट्र मंडळवाल्या सुनीतीताईंनी सांगितलं की नोएडाला कर्नल अंबादास मोहिते म्हणून कोल्हापूरकडचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे हीच गाडी होती. वादळात तिच्यावर झाड पडलं, गाडीचा चेंदामेंदा झाला, पण इंजिन वाचलं. ते त्यांनी गॅरेजमध्ये लोखंडी चौकटीवर बसवलंय आणि दर रविवारी चालू करतात. विकत मात्र नाहीत. दोघांना परत पाठवलं.

सुनेत्राने फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "सकाळी या. तुम्ही येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. आणि गाडीत जे जे बसतात ते सगळे या. मला माणसं बघायची आहेत."

"बघायला जाणार आपण, आणि अटी घालणार हे?" अहिल्याबाई फणकारल्या. "इंजिनाचा बाप आहे की काय?" पण आदल्या रात्री त्यांनी ठेवणीतली इरकल काढून खुर्चीवर ठेवली होती, हे सुनेत्राच्या नजरेतून सुटलं नाही.

नोएडाला पोचेपर्यंत धुकं इतकं की निखिलने सगळा रस्ता पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर नजर ठेवून काढला. लतीफभाईही बरोबर होते. कर्नल गेटपाशीच उभे होते. उंच, ताठ, कानटोपी घातलेले. त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मी शाल सावरत मागून आल्या. "या ताई. ह्यांचा दुसरा संसार गॅरेजमध्ये आहे, आधी तो बघून घ्या. पोहे मग."

इंजिनावर रंग नव्हता, फूल नव्हतं. जुनं, मळकट निळं, पण पुसून पुसून जिथे हात लागतो तिथे लख्ख झालेलं. अहिल्याबाईंनी तळवा ठेवला. फ्रीजमधल्या पातेल्यासारखं गार. त्यांनी निखिलकडे बघून एकदाच मान हलवली.

"चालू करण्याआधी माझा एक प्रश्न," कर्नल म्हणाले. "तुमचं पहिलं कसं गेलं?"



"सर, ॲक्चुअली," निखिलने सुरुवात केली, "ते तसं बरंच जुनं..."

आणि तो थांबला. अहिल्याबाईंना वाटलं, इंजिन कुणी घालवलं ते आता आपणच सांगून टाकावं. हे त्यांनी भाजीवाल्याला सांगितलं होतं, वॉचमनला सांगितलं होतं, लिफ्टमध्ये अनोळखी बाईला सांगितलं होतं. एका वाक्याचं काम. पण परक्याच्या घरात, परक्या माणसासमोर, पोटच्या पोराची मान खाली घालायची? जन्मभर ज्या जिभेने त्यांना कधी दगा दिला नव्हता ती टाळ्याला चिकटली. आणि पोरगा खोटं बोलला तर हा माणूस गॅरेजचं शटर ओढणार, हेही त्यांना दिसत होतं. मग तांबडी काळी होणार. पिवळे पट्टे. बादल्या.

निखिल त्यांच्याकडेच बघत होता. आई आता सांगून टाकेल, याची तो वाट बघत होता; ती नेहमी सांगत आली होती. अहिल्याबाईंनी इरकलीच्या काठावरची नसलेली सुरकुती सरळ केली आणि गप्प राहिल्या.

"मी मारलं," निखिल म्हणाला. मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच आलं: हार, बॉनेट, फोटो, पट्टा, साकेतचा व्हिडिओ. "काटा चढताना दिसत होता, सर. तेव्हाच बाजूला घेतली असती तर नुसता पट्टा बदलून भागलं असतं. मित्र बघत होते, म्हणून थांबलो नाही. जोवर चालली तोवर चालवली."

 कर्नलांच्या आधी विजयालक्ष्मीच बोलल्या. त्या हसायलाच लागल्या. "आणि आमची? वादळ येणार, झाडाखाली लावू नका साहेब, असं वॉचमन दोनदा सांगून गेला होता. कुणी ऐकलं?"

"विजया, पोहे गार होतील."

"गार होऊ देत. दर रविवारी झाडाला शिव्या देतात, ताई. झाडाला!"

कर्नलांनी कानटोपी काढली आणि पुन्हा घातली. "आधी दोघं येऊन गेले," ते निखिलला म्हणाले. "दोघंही म्हणाले, इंजिन म्हातारं होऊन गेलं. इंजिन म्हातारपणाने जात नाही. कुणीतरी घालवतं. ज्याला ते माहीत आहे त्याला द्यायला हरकत नाही." त्यांनी किल्ली पुढे केली. "करा चालू."

निखिलने हात पुढे केला.

"थांब," अहिल्याबाई म्हणाल्या. जीभ सुटली होती. "थंडीतलं चालू करणं तुझं काम नाही. सर बाजूला."

त्यांनी पदर खोचला. ॲक्सिलरेटरचं पेडल नव्हतं, त्याच्या जागी एक तार होती; कर्नलांनी दाखवली. त्यांनी ती दोनदा ओढून सोडली, जशी कधीकाळी पायाने दाबत असत, आणि किल्ली फिरवली. घर्र. थांबल्या. पुन्हा फिरवली. घर्र. तिसऱ्यांदा इंजिनाने एक मोठी जांभई दिली आणि ते उठलं. आधी जरा अडखळत, मग आठही सिलिंडर एका सुरात. पांढरी वाफ निघाली, विरली. निळा धूर नाहीच. गॅरेजच्या पत्र्यापर्यंत तो जाड, बसका आवाज भरून राहिला. तो कसला, हे अहिल्याबाईंना कुणी सांगायला नको होतं. सूर्यकांत दौऱ्यावर असतानाच्या सगळ्या सकाळी त्या आवाजात होत्या.

लतीफभाईंनी इंजिन बंद करून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. शेवटचा मोजून झाल्यावर हात पुसत म्हणाले, "आठों बहनें एक जैसी, अम्माजी. बाँध लो."

"सर, हॉर्सपॉवर किती असेल?" निखिलला राहवलं नाही.

"असतील दोनशेच्या आसपास," कर्नल म्हणाले. "पण रोज सकाळी सगळेच्या सगळे हजर असतात."

निखिल हसला. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. तिथेच, इंजिनाला टेकून, त्याने साकेतला फोन लावला. "सॉरी यार. गाडी देत नाहीये." पलीकडून काहीतरी लांबलचक ऐकू आलं. "नाही रे, दुबईचं नाही. हे उठतं." देण्याघेण्याचं बोलणं सुनेत्रा आणि विजयालक्ष्मींनी आत पोहे गरम करता करता मिटवलं, बाहेर आल्या तेव्हा दोघींचे चेहरे समाधानी होते, म्हणजे कुणाचंच फार नुकसान झालं नसणार.

लतीफभाईंनी इंजिन बसवलं. गिअरबॉक्स तोच, आस तोच, खिळासुद्धा नवा ठोकावा लागला नाही. कागदांवर नवा नंबर चढवायचं काम सुनेत्राने अंगावर घेतलं आणि पार पाडलं. सरकारी माणसाशी सरकारी माणसानेच बोलावं. आणि चौदा जानेवारीला पहाटे तांबडी पुन्हा पानिपतच्या रस्त्याला लागली. पुढे अहिल्याबाई, मागे सुनेत्रा, मांडीवर तिळगुळाचा डबा. अहिल्याबाई आज रस्ता बघतच नव्हत्या. त्यांची नजर गरमीच्या काट्यावर होती.

मुरथल मागे पडलं आणि काटा हलला. फार नाही, बोटभर. पण हलला.  "निखिल" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर गाडी आधीच डावीकडे वळत होती. निखिलने दिवे लुकलुकवले, कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागून रॅलीतल्या बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. साकेतने काच खाली करून फोन बाहेर धरला होता, व्हिडिओ चालूच. निखिलने त्याला हात केला आणि बॉनेट उघडलं.

अहिल्याबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. धुक्यात फक्त निखिलची पाठ दिसत होती, वाकलेली. मग तो सरळ झाला आणि हातात काहीतरी फडफडलं. शेतातून उडून आलेला प्लॅस्टिकचा मोठा तुकडा. रेडिएटरपुढच्या जाळीला चिकटून बसला होता आणि वारा अडवत होता. एवढंच. पट्टा जागेवर, पाणी जागेवर.

"गार होऊ दे जरा," निखिल म्हणाला. ते तिथेच थांबले.  सुनेत्राने डबा उघडला आणि तिघांनी एकेक लाडू खाल्ला. मग निखिलने किल्ली फिरवली, आठही बहिणी एका हाकेला उठल्या, आणि काटा जिथे असायला हवा तिथे जाऊन गपगुमान बसला. अहिल्याबाईंनी दसऱ्यापासून आवळून धरलेले खांदे सीटला टेकवले. त्या मऊ, रुंद, सोफ्यासारख्या सीटला. पानिपत येईपर्यंत त्या घोरत होत्या. सुनेत्राने नंतर सांगितलं, आणि त्यांनी अर्थातच मान्य केलं नाही.

काला अंबला भगवे झेंडे, फेटे, महाराष्ट्रातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं. स्मारकापुढे डोकं टेकून अहिल्याबाई परत आल्या तेव्हा साकेत तांबडीला टेकून उभा होता.

"काय झालं होतं यार रस्त्यात? पुन्हा इंजिन?"

"काही नाही," निखिल म्हणाला. "काटा चढला, म्हणून मी थांबलो."

अहिल्याबाईंनी बॉनेटवर तळवा ठेवला. ऊबदार, शहाण्या माणसाच्या कपाळाएवढं. त्यांनी साकेतला तिळगुळ दिला, म्हणजे तो थोडा वेळ तोंड बंद ठेवेल, आणि मुलाकडे वळल्या.

"निखिल, ऐक. इंजिन चांगलं मिळालं, कर्नलच्या घरात शिस्तीत वाढलंय. पण पहिलंही वाईट नव्हतं. बिघडला होता ड्रायव्हर, आणि तो मला नवा शोधावा लागला नाही, जुनाच सुधारून मिळाला, हे माझं नशीब. गाडी आजपासून तुझी, मी मध्ये बोलणार नाही. फक्त परत जाताना सुनेत्रा पुढे बसेल, माझे गुडघे एक दिवस दुखले तर चालतील. आणि पुढच्या दसऱ्याला हार बाहेरून घालायचा. मीच करीन. सुती दोऱ्यात."